पाहणीची भिंत

माझ्या आईला अख्खं रुग्णालय मावशी म्हणतं. डॉक्टर म्हणतात, नर्स म्हणतात, कालपरवा लागलेला लिफ्टवालासुद्धा म्हणतो. यांच्यापैकी कोणाच्याही आईची ती बहीण नाही आणि कोणी तिला कधी घरी जेवायला बोलावलेलं नाही. मावशी म्हटलं की नाव विचारायचे कष्ट वाचतात, एवढंच.

आई तळघरातल्या लाँड्रीत काम करते. सव्वीस वर्षं झाली. वरच्या पाच मजल्यांवर माणसांच्या अंगातून जे काही बाहेर पडतं, ते चादरीत गुंडाळून खाली तिच्याकडे येतं. मशिनं आहेत, पण मशीन नुसतं धुतं. डाग आई काढते. रक्त असेल तर गार पाणी, चुकूनही गरम नाही, नाहीतर ते कापडात शिजतं आणि कायमचं बसतं. औषधाचा पिवळा डाग वेगळा, गंजाचा वेगळा, चहाचा वेगळा. डाग किती दिवसांचा आहे हे ती कडेचा रंग बघून सांगते. लहानपणी मला वाटायचं, हे सगळ्यांच्याच आयांना येतं.

माझं शिक्षण या चादरींवर झालं, असं म्हणायला हरकत नाही. शाळा सुटली की मी तळघरात जाऊन इस्त्रीच्या टेबलाखाली अभ्यास करायची. एके वर्षी आईच्या दोन्ही हातांना फोड आले, महिनाभर हटेनात. डॉक्टर म्हणाले, "चादरींतून आलं असेल." मी विचारलं, "मळलेल्या की धुतलेल्या?" डॉक्टर हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे जंतूंचंच शिक्षण घेतलं, पहिली आले, आणि धुतल्यावरही कापडात जिवंत राहणाऱ्या जंतूंवर काम करणारी एक प्रयोगशाळा परदेशात आहे हे आमच्या सरांनी दाखवलं, तेव्हा तिथे अर्ज टाकला. त्यांनी मला घेतलं. पत्रात लिहिलं होतं की तुमचा प्रश्न आम्हाला फार आवडला. फी त्यांना त्याहून जास्त आवडत असावी.

आता ती फी भरायची कोणी? सरांनी एका न्यासाचा पत्ता दिला. गरीब पण हुशार मुलांना तिकडे शिकायला पाठवणारा मोठा न्यास. अर्ज बावीस पानी. त्यात गरिबी एका बाजूने सिद्ध करायची आणि हुशारी दुसऱ्या बाजूने. वडील हयात आहेत का, असा एक प्रश्न होता. आहेत, पण दुसऱ्या घरात आणि दुसऱ्या मुलांसाठी. त्याला रकाना नव्हता. शेवटी पाचशे शब्दांत तुमचा संघर्ष लिहा, असं होतं. मी रात्रंदिवस डोकं खाजवून लिहिलं आणि सरांना दाखवलं.

सरांनी चष्मा काढला. "अगं, यात साडेचारशे शब्द जंतूंवर आहेत."

"संघर्ष तेच करतात, सर. उकळलं तरी मरत नाहीत."

"जंतूंचा नको. तुझा लिही."

मग माझा लिहिला. लिहिताना इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. स्वतःच्या आईचे फोड शब्द मोजून विकायला काढल्यासारखं वाटत होतं. पण लिहिला. मुलाखतीला बोलावलं, गेले. पाच जण एका लांब टेबलामागे बसले होते. त्यांनी जंतूंबद्दल एक प्रश्न विचारला आणि आईबद्दल सात. सगळ्यांची उत्तरं दिली. आठवड्याने पत्र आलं: आपली निवड अंतिम टप्प्यासाठी झाली आहे, आमच्या प्रतिनिधी शुक्रवारी दुपारी आपल्या घरी पाहणीसाठी येतील.

ते पत्र मी आईला वाचून दाखवलं आणि सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत निघून गेले. माझा शेवटचा प्रयोग चालू होता, पाच दिवस सकाळी लवकर जाऊन संध्याकाळी उशिरा परत येत होते. माशी शिंकली ती इथेच. मी घरी असते तर कदाचित वेळेवर लक्षात आलं असतं. कदाचित नसतंही आलं.

लाँड्रीत पाहणी हा शब्द काय असतो, ते सांगायला हवं. वर्षातून एकदा वरून माणसं येतात, हातात कागद घेऊन. त्याच्या आदल्या आठवड्यात तळघरातली प्रत्येक बाई जिवाचं रान करते. फाटक्या, डागाळलेल्या, बाद चादरी गाठोड्यात बांधून बॉयलरच्या मागे दडवतात. एक कुलूपबंद कपाट आहे, त्यात दोनशे कोऱ्या चादरी असतात. त्यांना पाहणीच्या चादरी म्हणतात. त्या एका दिवसापुरत्या पाच मजल्यांवर अंथरल्या जातात. रुग्णांना वाटतं, आज काय झालं बुवा. पाहणीवाले हात मागे बांधून फिरतात आणि कागदावर एक शब्द लिहितात: समाधानकारक. ते गेले की रुग्णांना कुशीवर वळवून चादरी काढून घेतात आणि पुन्हा कपाटात. कपाटाची किल्ली बारा वर्षं आईकडे आहे. एके वर्षी एका उशीच्या अभ्र्यावर डाग निघाला म्हणून तिच्या शेजारी काम करणारी बाई घरी बसली. तेव्हापासून पाहणी म्हटलं की आईचे हात आपोआप चालायला लागतात.

आमचं घर म्हणजे एक खोली. मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. पलंग ज्या भिंतीला लागून आहे तिच्या पलीकडे मजल्याचं सामाईक न्हाणीघर आहे, त्यामुळे ती भिंत बारा महिने ओली. वरून खाली उतरलेला मोठा काळपट डाग, कडेला हिरवट बुरशी, हात लावला तर पोपडा बोटाला. पलंग दुसरीकडे बसत नाही. आई भिंतीच्या बाजूला झोपते आणि मला बाहेरच्या बाजूला झोपवते. तिचा खोकला त्या भिंतीतूनच आलाय, हे मी अर्जात लिहिलं होतं. भिंतीचं वर्णन चांगलं जमलं होतं, सर म्हणाले होते.

शुक्रवारी पाहणीच्या तासभर आधी मी घरी आले आणि दारातच थांबले. भिंत नव्हती. म्हणजे होती, पण पांढरीशुभ्र. माझा मामा रंगारी आहे. तो शिडीवरून हात पुसत उतरत होता.

"कशी आहे?" मामा म्हणाला. "बंगल्यावरचा उरलेला रंग आहे. वॉटरप्रूफ. बुरशी खरवडून तीन हात मारलेत. दहा वर्षं हिला काही होत नाही. आता भिंतीत बघून वेणी घाल."

पलंगावर दोन कोऱ्या चादरी होत्या. कडेचा रुग्णालयाचा शिक्का गादीखाली दुमडलेला. आईने तिची इतक्या वर्षांची इभ्रत पणाला लावून पाहणीच्या चादरी घरी आणल्या होत्या. शेजाऱ्यांची दोन खुर्च्यांची जोडी आली होती, कोणाचे तरी काचेचे पेले आले होते, खिडकीला पडदा होता. आई स्वतः इस्त्रीच्या कपड्यांत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

खरं सांगते, माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. उलट मलाही ते घर आवडलं. वाटलं, आपण असंच राहायला हवं होतं. मी खुर्चीवर बसून पाहिलं. त्या पाच मिनिटांसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

न्यासाच्या बाई वेळेवर आल्या. त्यांचं नाव त्यांनी सांगितलं होतं, पण आम्ही त्यांना फाइलबाईच म्हणतो, कारण सगळा वेळ त्या फाइल छातीशी धरून होत्या. बोलायला गोड. खुर्चीवर बसल्या, काचेच्या पेल्यातून पाणी प्याल्या, भिंतीकडे पाहिलं.

"घर किती छान ठेवलंय हो, मावशी."

"ठेवावं लागतं, बाई. मी असलं तसलं चालवून घेत नाही."

"काही अडचण वगैरे?"

"छे. कशाची अडचण? कोणाचं मिंधेपण नाही. पोरीचं सगळं वेळच्या वेळी केलं मी."

"आणि भिंत? मुलीने लिहिलं होतं की ओल आहे."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडली होती. "ती लहान असताना होती थोडी. आता बघा ना तुम्हीच."

फाइलबाईंनी पाहिलं आणि लिहिलं. मी तोंड उघडलं होतं, पण काय बोलणार? की माझी आई खोटं बोलतेय, आम्ही याहून पुष्कळ वाईट राहतो, चादर उलटून बघा? तिच्या समोर? बाई गेल्या. आई आठवडाभर ज्याला त्याला सांगत होती की घर बघून त्या खूश होऊन गेल्या.

पत्र वीस दिवसांनी आलं. आईनेच ते आणलं, मी वाचलं. 'प्रत्यक्ष पाहणीत कुटुंबाचे राहणीमान समाधानकारक आढळले.' तिथपर्यंत ऐकून आई हसली. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी तिने कंबर मोडून घेतली तो शब्द तिच्या स्वतःच्या घराला मिळाला होता.

"समाधानकारक लिहिलंय?" ती म्हणाली. "मग झालं की. आता कधी निघायचंय?"

मी पुढची ओळ वाचली. अधिक गरजू उमेदवारांचा विचार करावा लागत असल्याने क्षमस्व.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं लिहिणार नाही. एवढं लिहिते की तुझ्या स्वच्छतेपायी माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं, हे मी बोलले. तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला, हेही बोलले. इतरांच्या घाणीत हात घालून घालून तुला स्वतःची घाण बघवत नाही, हे तर फारच ओरडून बोलले. आई पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, "पण पाहणी होती ना." तिला खरंच कळत नव्हतं. लोक चांगलं बघायला येतात, एवढंच तिला माहीत होतं.

सरांनी हातापाया पडून परदेशातली जागा एक वर्ष राखून घेतली. एकच वर्ष, पुढे नाही, असं तिकडच्यांनी स्पष्ट कळवलं. मी बाजारातल्या एका तपासणी केंद्रात लागले. दिवसभर नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. घरी आई आणि मी एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. आणि ती भिंत? तिने हट्टच धरला होता. शेजाऱ्यांच्या भिंती फुगल्या, जिन्याचा गिलावा पडला, आमची भिंत पांढरीफटक. मामाने आयुष्यात एक काम चोख केलं आणि ते नेमकं आमच्या मुळावर आलं.

न्यासाचा अर्ज पुन्हा भरला. पुन्हा बावीस पानं, पुन्हा पाच जण. पाहणीचं पत्र आलं तेव्हा सर म्हणाले, "यंदा काही करू नका. घर आहे तसं राहू दे."

"सर, घर आहे तसं म्हणजेच चांगलं दिसतंय आता."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं होतं आणि भिंती कोरड्या होत्या.

संध्याकाळी आईने विचारलं, "त्यांना नेमकं बघायचं काय असतं?" पत्रावरून भांडण झाल्यापासून हा तिचा पहिला सरळ प्रश्न होता.

"आपली गरज."

"ती दिसते कशी?"

आई बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. लाँड्रीत एखादं अवघड कापड हातात आलं की ती असंच बघते.

दुसऱ्या दिवशी तिने मामाच्या डब्यातले गंजलेले खिळे मागून घेतले आणि व्हिनेगरमध्ये टाकून ठेवले. आठवडाभर ते पाणी तपकिरी होत गेलं. मग एका पातेल्यात पावशेर चहाची भुकटी उकळली, आटवून काळी केली. पलंग पुढे ओढला, स्टुलावर चढली आणि जुन्या स्पंजाने छताच्या कडेपासून सुरुवात केली. आधी चहा. तो वाळू दिला. मग खिळ्यांचं पाणी. दोन्ही एकत्र आले तसं भिंतीवर काळं उमटायला लागलं. ओल्या फडक्याने ती कडा पसरवत होती, मध्ये फिकट ठेवत होती, कारण ओलीचा डाग मध्ये फिकट आणि कडेला गडद असतो. दर थोड्या वेळाने खाली उतरायची, मागे सरायची, डोळे बारीक करून बघायची आणि पुन्हा चढायची. इतकी वर्षं जे काढलं ते सगळं तिला उलटं येत होतं.

"आई, हे नको," मी म्हटलं. "पकडलं तर कायमचं जाईल."

"तू गप्प बस. डागातलं तुला काय कळतं?"

मी डागातलीच पदवीधर होते. पण गप्प बसले. मामा मध्येच डोकावला आणि डोक्याला हात लावून खाली बसला.

"ताई, तीन हात मारले होते गं मी. बंगल्याचा रंग तो."

"चांगला होता तुझा रंग," आई मागे न बघता म्हणाली. "आपल्याला झेपला नाही."

तिसऱ्या दिवशी भिंत अगदी पूर्वीसारखी झाली होती. पूर्वीहून सरस, असं म्हणावं लागेल, कारण हा डाग बघताक्षणी कळत होता. खरा डाग अंधारात होता, नीट दिसायचाच नाही. चहा आणि लोखंड एकत्र आलं की तो काळा कशानेच निघत नाही, हे आईनेच मला लहानपणी शिकवलं होतं. तिने पडदा काढला. बाद गाठोड्यातली एक चादर आणून अंथरली, मधोमध जीर्ण आणि पिवळी. अंगात तिचा सर्वांत जुना गणवेश, ब्लीचने जागोजाग खाल्लेला. आरशात बघून तिने केस थोडे विस्कटले, मग हात तसाच डोक्यावर ठेवून काही क्षण उभी राहिली. मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मला जायचं होतं. दुसरं काही कारण नाही. मला जायचं होतं म्हणून मी तिला थांबवलं नाही.

त्याच फाइलबाई आल्या. या वेळी सोबत कॅमेरावाला. बाई दारातच थबकल्या, मग पाय उचलून उचलून टाकत आत आल्या. बसल्या नाहीत. बसायला पलंगाशिवाय काही नव्हतं. त्यांनी जुनी फाइल चाळली.

"गेल्या वर्षी ही भिंत चांगली होती असं मी लिहिलंय."

"गेल्या वर्षी झाकली होती, बाई," आई म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून. आता झाकायचं त्राण नाही."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. फाइलबाई भिंतीजवळ गेल्या. उजवा हात पुढे केला. भिंत ठणठणीत कोरडी होती. बोट टेकवलं असतं तर सगळा खेळ तिथेच संपला असता. बोट भिंतीपासून चार अंगुळं दूर थांबलं, आणि त्यांनी हात मागे घेतला आणि रुमालाला पुसला. ज्याला हात लावलाच नाही त्याचा हात पुसला. आई ते बघत होती.

"मावशींना जरा पलंगावर बसवा," त्या कॅमेरावाल्याला म्हणाल्या. "भिंत पूर्ण यायला हवी. मावशी, हसू नका हं."

आई हसत नव्हतीच.

शिष्यवृत्ती मिळाली. पूर्ण. प्रवास, फी, राहणं, सगळं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाने अख्ख्या मजल्याला सांगितलं. फक्त एक अट होती, पहिलं वर्ष संपताना घराची फेरपाहणी होईल आणि दुसऱ्या वर्षाची मदत त्यावर ठरेल.

न्यासाने एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. आईने ठरवून टाकलं होतं की ती चांगले कपडे घालणार. मी म्हटलं, घाल. तिने ते स्वतः धुतले, स्वतः इस्त्री केली, घडी अशी बसवली की तिच्या लाँड्रीत कोणाला जमणार नाही. केस चापून बसवले. आम्ही दारात पोचलो तर एक मुलगी हातात यादी घेऊन धावत आली.

"तू आलीस ते बरं झालं. मावशी कुठे आहेत? त्यांना स्टेजवर घ्यायचंय."

"या काय," मी म्हटलं.

मुलीने आईकडे पाहिलं, मग मागे पाहिलं, मग पुन्हा आईकडे. "नाही, त्या फोटोतल्या मावशी."

"मीच ती," आई म्हणाली.

मुलगी गोंधळली. आत जाऊन कोणाला तरी विचारून आली. मग सांगितलं की स्टेजवर आधीच गर्दी झालीय, मावशींनी पुढच्या रांगेत बसलं तरी चालेल. आई पुढच्या रांगेत बसली. पडद्यावर तिचा फोटो आला, माणसाच्या चौपट मोठा. ब्लीचने खाल्लेला गणवेश, पिवळी चादर, डोक्यावर तो काळा डाग. आणि न्यासाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, अशा कळकट, अंधाऱ्या खोलीतून ही मुलगी वर आली. कळकट हा शब्द ते दोनदा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईही वाजवत होती. जिने आयुष्यात एकदाही मळका हात कशाला पुसला नाही, ती स्वतःला कळकट म्हटल्याबद्दल टाळ्या वाजवत होती, कारण शेजारचे वाजवत होते. मी स्टेजवरून ते पाहिलं. हसून पाकीट घेतलं आणि आभार मानले. छान बोललीस, असं सगळे म्हणाले.

निघायच्या आधी मामा शिडी घेऊन आला. "चल ताई, आता मारतो पुन्हा रंग. वरून दोन हात दिले की गायब."

"नको," आई म्हणाली. "फेरपाहणी आहे."

"ती वर्षाने आहे. तेव्हा पुन्हा कर."

"पुन्हा माझ्याने होणार नाही," आई म्हणाली. मामाने शिडी तशीच परत नेली.

मी इथे येऊन दहा महिने झाले. प्रयोगशाळेत मला रोज पांढरीशुभ्र कापडं देतात आणि मी त्यांत काय काय जिवंत आहे ते मोजते. काम चांगलं चाललंय. माझ्याविषयी न्यासाने एक पुस्तिका काढली, तिच्या मुखपृष्ठावर आई आहे. इथल्या विभागाने ती कौतुकाने फलकावर लावली. माझ्या टेबलाकडे जाताना वाटेतच लागते. बरोबरचे लोक हळू आवाजात विचारतात, ही तुझी आई? मी हो म्हणते. ती फार टापटीप आहे, असं एकदा सांगून पाहिलं. समोरच्याने मान डोलावली, जशी आपण आजाऱ्यासमोर डोलावतो. पुन्हा सांगितलं नाही.

आई रविवारी फोन करते, चेहरा दिसणारा. नेहमी दाराला पाठ लावून बसते म्हणजे भिंत दिसत नाही. केस चापून बसवलेले असतात. खोकला कमी आहे म्हणते. मध्येच तोंड फिरवते आणि मला आवाज येऊ नये म्हणून फोनवर हात ठेवते, पण हात ठेवलेलाही दिसतोच.

गेल्या रविवारी ती जरा घाईत होती. पुढच्या शुक्रवारी फेरपाहणी आहे, फाइलबाईंचं पत्र आलंय.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मामाचा रंग सुटला. खाली, पलंगाच्या उशाशी फुगलाय. पाणी आलंय आत. खरी ओल आली बघ."

तिने फोन उचलून भिंतीकडे नेला. पहिल्यांदाच. वर तिचा डाग होता, काळा, ठळक, कडा रेखीव. खाली, गादीच्या उंचीवर, दुसरा. करडा, आकार नसलेला, दिसला तर दिसला असा. मी नीट पाहिलं. बुरशी धरायला लागली होती. तिचं डोकं रात्रभर जिथे असतं तिथे.

"हा खालचा काही नीट दिसत नाही," आई म्हणाली. तिचा आवाज कामातला होता, लाँड्रीतला. "आणि दोन वेगळे दिसतात ते बरं नाही, शंका येईल. म्हणून विचारते. खरा खरवडून टाकू आणि माझाच ठेवू? की माझा पुसायचा काही उपाय बघू?"

माझं दुसरं वर्ष त्या भिंतीवर होतं. तिला इथून कोरडी भिंत पाठवता येत नव्हती, पलंग हलवता येत नव्हता, आणि मामाला शिडी घेऊन ये म्हणायची माझी छाती नव्हती. तिने मला विचारलं होतं, कारण तिच्या मते यातलं मला कळतं.

"दोन्ही ठेव," मी म्हटलं. "बोट लावलं तर आता ओलं लागेल."

"बरं," आई म्हणाली, आणि फोन पुन्हा दाराकडे फिरवला.